एक लेडीज सायकल, उशीसह

माणसाच्या घरी आयुष्यात एकदा तरी चोरी व्हावी. त्याशिवाय आपल्याला शेजारी किती आहेत ते कळत नाही. एरवी दिवे गेले तर मेणबत्ती द्यायला कोणी दार उघडत नाही. चोरी झाली म्हटल्यावर मात्र अख्खा जिना माझ्या दिवाणखान्यात येऊन बसला, आणि चहा मलाच करावा लागला.

चोरीला गेली सायकल. तीही माझी नव्हे, हिची. ही म्हणजे माझी बायको. ही गेल्या वर्षी गेली आणि तेव्हापासून सायकल जिन्याखाली भिंतीला टेकून उभी होती. मला सायकल चालवता येत नाही. आमच्या संसारात सायकल चालवण्याचं खातं हिच्याकडे आणि मागं कॅरिअरवर बसण्याचं खातं माझ्याकडे, अशी वाटणी झालेली होती. ही दवाखान्यात नर्स होती, माझं ऑफिस तिच्या वाटेवर होतं. कॅरिअरच्या सळ्या रुततात म्हणून हिनं माझ्याच एका जुन्या पँटची उशी शिवून मागं बांधली होती. त्या उशीवर बसून मी नोकरीची सगळी वर्षं काढली.

आता हे जगाला दिसू नये एवढी काळजी मी घेत असे. ऑफिसच्या अलीकडच्या कोपऱ्यावर एक टपालपेटी होती. तिथं आलो की मी म्हणायचो, "थांब." ही रोज म्हणायची, "गेटपर्यंत सोडते की." आणि मी रोज म्हणायचो, "नको, इथंच बरं." कारण गेटवर बरेचदा कोपरखळी उभा असे. हा आमच्या डिस्पॅच विभागातला गृहस्थ. त्याचं खरं नाव हजेरीपटाखेरीज कोणी वापरत नसे. त्यानं मला बायकोच्या मागं बसलेलं पाहिलं असतं, तर निवृत्तीच्या भाषणापर्यंत तो विषय त्याला पुरला असता. म्हणून मी उतरायचो, कपडे झटकायचो आणि पुढचा रस्ता ताठ मानेनं चालत जायचो. मागं वळून पाहायची पद्धत नव्हती. वळलो असतो तर लोकांना कळलं असतं की मागं कोणीतरी आहे.

ही मात्र कामावर नेहमी उशिरा पोचायची. दवाखान्यात तिच्या नावावर लेटमार्कांची रांग लागलेली असे. मी वक्तशीर माणूस. "निघतो आपण एकाच वेळी, मग तुलाच उशीर कसा होतो? माणसाला वेळेचं भान हवं," असं व्याख्यान मी तिला कितीदा दिलं असेल. ती हसायची आणि ताट वाढायची.

तर सांगायचं म्हणजे, त्या सकाळी मी नेहमीप्रमाणे फडकं घेऊन सायकल पुसायला खाली उतरलो. समोर नुसती भिंत. हातात फडकं होतंच, ती भिंत थोडी पुसली आणि वर आलो.

पहिला सल्ला अर्थातच वरच्या मजल्यावरच्या बालिस्टरांचा. हे वकील नव्हेत. त्यांनी सख्ख्या भावाशी, भाडेकरूशी आणि एका छत्रीवाल्याशी खटले लढवले आणि सगळे हरले. हरण्याचा एवढा दांडगा अनुभव असल्यामुळे कायद्यात त्यांचा शब्द शेवटचा मानला जातो.

"चोरी म्हणू नका," ते म्हणाले. "चोरीला कुत्रं विचारत नाही. दरोडा म्हणा."

"दरोड्याला निदान पाच माणसं लागतात ना?"

"मग पाच सांगा. चौघांनी सायकल उचलली, एक पहाऱ्याला. कायद्यात बसलं पाहिजे."

"त्यापेक्षा जबरी चोरी म्हणा हो भावोजी," त्यांच्या बायको म्हणाल्या. वहिनींना सगळं मध्यम प्रमाणात आवडतं.

"त्याला मारहाण किंवा धाक लागतो वहिनी. मला कोणी हातसुद्धा लावला नाही."

"ते जमवता येईल," बालिस्टर म्हणाले आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहू लागले की मी ताबडतोब चपला घालून पोलीस ठाणं गाठलं. ते मागोमाग आलेच.

ठाण्यात एक हवालदारबाई बसल्या होत्या. त्यांनी मला खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "म्हणजे फिर्यादी तुम्ही." ऐकून मला जरा बरं वाटलं. जन्मभर मी अर्जदार होतो. रेशनच्या कार्डापासून पेन्शनपर्यंत सगळीकडे 'अर्जदार नम्रपणे विनंती करतो की'. फिर्यादीला नम्र असण्याची गरज नसते, असं बालिस्टरांनी वाटेत सांगितलं होतं.

मी विचारलं, "एवढ्याशा सायकलीची तुम्ही नोंद घ्याल ना?"

"घेणार ना काका. चोरी हा दखलपात्र गुन्हा आहे. आम्हाला दखल घ्यावीच लागते."

ही गेल्यावर पंधरवडाभर माणसं येऊन गेली, मग ज्याची त्याची कामं सुरू झाली. त्यानंतर माझं एखादं दुःख दखलपात्र आहे असं कोणी पहिल्यांदाच म्हणत होतं. मी बाहीनं डोळे पुसले. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. सायकलीसाठी रडणारा फिर्यादी त्यांनीही पहिल्यांदाच पाहिला असावा.

"वर्णन सांगा."

"काळी. लेडीज. घंटी आहे, पण वाजवायला अंगठा दाबून धरावा लागतो."

"बिल आहे?"

"नाही."

"फ्रेमवरचा नंबर?"

"रंगाखाली गेलाय."

"मग काही खास खूण?"

"कॅरिअरवर उशी आहे."

"उशी? कशासाठी?"

आता खरं तर इथंच सांगून टाकायला हवं होतं. पण माझ्या खांद्यामागं बालिस्टर कान देऊन उभे होते. त्यांना कळलं म्हणजे जिन्याला कळलं, आणि जिन्याला कळलं म्हणजे गावाला. मी म्हणालो, "सामानासाठी."

"कसलं सामान?"

"किरकोळ."

बाईंनी लिहून घेतलं: कॅरिअरवर किरकोळ सामान ठेवण्यासाठी उशी. मी खाली सही ठोकली आणि अब्रू वाचली म्हणून खूष झालो.

दुसऱ्या दिवशी बाई पंचनाम्याला आल्या. पंच म्हणून बालिस्टर आणि कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. बालिस्टर लग्नातला कोट घालून उतरले होते. इस्त्रीवाल्याची नजर त्या कोटाच्या सुरकुत्यांवर, बालिस्टरांची नजर मजकुरावर. जिन्याखालची जागा मोजली गेली. "जागा रिकामी दिसली, असं कसं लिहिता?" बालिस्टर म्हणाले. "कोपऱ्यात बादली आहे." मग बादलीचा उल्लेख झाला, ती गळकी असल्याचा झाला, ती त्यांचीच असल्याचं निघाल्यावर त्यांनी तो खोडायला लावला.

शेवटी बाईंनी वाचून दाखवलं: "सदर ठिकाणी पाहता सायकल मिळून आली नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी वर आलो तर घरभर मला तेच वाक्य दिसायला लागलं. स्वयंपाकघरात पाहता मिळून आली नाही. गॅलरीत पाहता मिळून आली नाही. ही गेली तेव्हा पंचनामा झाला नव्हता, तो असा हप्त्याहप्त्यानं मी एकटाच करत होतो.

मुलीचा फोन आला. ती नवऱ्याच्या बदलीच्या गावी असते. "बाबा, एवढं काय! नवी घेऊन देते."

"मला कुठं चालवता येते?"

"मग जुनी तरी कशाला हवी होती?"

"पुसायला," मी म्हणालो. मग तिनं जेवलात का विचारलं.

आणि एक दिवस हवालदारबाईंचा फोन आला, सायकल सापडली! एका माणसाला संशयावरून थांबवलं होतं, त्याच्याजवळ मिळाली. मी फडकं घेऊन धावत ठाण्यात गेलो. मागच्या खोलीत ती उभी होती, हँडलला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधलेली, अंगभर धूळ. मी फडकं पुढं केलं.

"अंहं, काका! हात लावायचा नाही. तो मुद्देमाल आहे."

"अहो, ती सायकल आहे."

"आता मुद्देमाल. पुरावा म्हणून जप्त झालाय. कोर्टाच्या हुकमाशिवाय देता येत नाही."

म्हणजे चोरानं नेली होती तोवर सायकल माझी होती. पोलिसांनी शोधून काढल्यावर ती माझी राहिली नाही. वर आणखी भर म्हणजे त्या माणसानं सांगितलं, "सायकल माझ्या बहिणीची आहे." बिल त्याच्याकडे नाही, माझ्याकडेही नाही. आता खरी कोणाची ते कोर्ट ठरवणार.

मी रोज ठाण्यात जाऊ लागलो. मागच्या खोलीला गजांची खिडकी होती. तिच्याशी उभा राहून मी पाहून यायचो. नातलग आत असला की माणसं जशी जातात, तसं. तिच्यावर धूळ चढताना पाहून हात शिवशिवायचे. एके दिवशी गेलो तर सीट आणि हँडल लख्ख पुसलेले. मी बाईंकडं पाहिलं. त्या कागदांत डोकं घालून बसल्या होत्या. म्हणाल्या, "मुद्देमाल व्यवस्थित ठेवायचा असतो. नियम आहे."

या येण्याजाण्यात मी कायदा बराच शिकलो. वहिनी म्हणाल्या, "चोराला चांगला बडवायला हवा," तर मी म्हणालो, "चोर नव्हे वहिनी. आरोपी."

"अहो, त्यानं सायकल चोरली ना?"

"तसा आरोप आहे. शाबीत होईपर्यंत तो आरोपीच."

"तुमच्याच सायकलीचा चोर आणि त्याची बाजू तुम्हीच घेता?" बालिस्टर उखडले. खाली उतरताना वहिनी त्यांना हळूच म्हणाल्या, "भावोजींना एकटं ठेवायला नको हो." आरोपीला जामीनही मिळाला. तो आपल्या घरी, मी माझ्या घरी, आणि जिनं काहीच केलं नव्हतं ती सायकल तेवढी कोठडीत.

सायकल परत मिळावी म्हणून मी कोर्टात अर्ज केला, म्हणजे पुन्हा अर्जदार झालो. मग तारखा सुरू झाल्या. एकदा आरोपीचे वकील आजारी पडले. एकदा कागद वरच्या मजल्यावर राहिले. एकदा सगळे आले आणि सायकलच आली नाही. दर वेळी मी इस्त्रीचा शर्ट घालून जायचो आणि चुरगळून परत यायचो. घरी येऊन हिला सांगायची सवय अजून सुटली नव्हती. कुलूप काढता काढता "अगं, आजही पुढची तारीख" असं तोंडातून निघून जायचं.

अखेर सुनावणी लागली. कोर्ट आणि आमचं जुनं ऑफिस एकाच रस्त्यावर, हे मला ठाऊक होतं. पण मधल्या सुट्टीत ऑफिसची मंडळी वेळ घालवायला कोर्टात येऊन बसतात, हे ठाऊक नव्हतं. मी पिंजऱ्यात चढलो, समोर पाहिलं, आणि शेवटच्या बाकावर, दोघांच्या मध्ये, पाय पसरून कोपरखळी बसलेला.

सायकल पिंजऱ्याशेजारीच आणून उभी केली होती. मी शपथ घेतली. आरोपीचा वकील तरुण आणि फार नम्र होता. नम्र वकील वाईट.

"काका, ही सायकल तुमच्या पत्नीची?"

"हो."

"उशीही त्यांनीच शिवलेली?"

"हो."

"माझ्या अशिलाचं म्हणणं, उशी त्याच्या बहिणीनं शिवली. असो. तुमच्या जबाबात आहे की उशी किरकोळ सामानासाठी होती. कोणतं सामान?"

मी शेवटच्या बाकाकडं पाहिलं.

"भाजी? औषधं?"

कोपरखळीनं पसरलेले पाय जवळ घेतले आणि पुढं झुकला. बालिस्टर मला मागून 'भाजी, भाजी' अशा खुणा करत होते. भाजी म्हटलं असतं तर मान राहिला असता आणि सायकल त्याच्या बहिणीकडे गेली असती.

"उत्तर द्या," न्यायाधीश म्हणाले. "तुम्ही शपथेवर आहात."

मी सायकलीकडं पाहिलं. सीटचं कातडं हिच्या बसण्यानं एका बाजूला झुकलेलं होतं.

"साहेब," मी म्हणालो, "ते किरकोळ सामान म्हणजे मी."

कोर्ट हसलं. टायपिस्टसुद्धा हसला. न्यायाधीशांनी टेबलावर हात आपटला. "खुलासा करा."

"साहेब, ही सायकल चालवायची, मी मागं बसायचो. रोज. ती उशी माझ्या जुन्या पँटची आहे. उलटी करून पाहा, पँटचा मागचा खिसा तसाच आहे. त्याचं बटण हरवलं होतं, तर हिनं आपल्या ब्लाउजचं हिरवं बटण लावलं."

हवालदारबाईंनी गाठी सोडून उशी उलटी केली. खिसा होता. हिरवं बटण होतं.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"साहेब, जबाबाच्या वेळी मागं बालिस्टर उभे होते."

ते उठून काही बोलणार होते, वहिनींनी कोट धरून खाली बसवलं.

वकिलानं नम्रपणे शेवटचा घाव घातला. "काका, एवढी वर्षं बायकोच्या मागं बसलात. स्वतः शिकावंसं नाही वाटलं?"

"शिकलो ना. ही मागून सीट धरून धावायची. तिनं सोडलं की मी पडायचो." एवढं बोलून थांबायचं होतं, पण तोंड थांबलं नाही. "अजूनही तसंच आहे, साहेब. तिनं सोडलंय आणि मी पडलोय. सायकल तेवढी परत द्या."

या वेळी कोणी हसलं नाही. आरोपी माझ्याकडं बघत होता. मग तो वकिलाच्या कानाशी लागला. वकील उठले आणि म्हणाले, "सायकल अर्जदाराला देण्यास आमची हरकत नाही."

सायकल मला सुपूर्दनाम्यावर मिळाली. म्हणजे खटला संपेपर्यंत सांभाळायची, विकायची नाही, तिचं स्वरूप बदलायचं नाही आणि कोर्ट बोलावेल तेव्हा हजर करायची. या अटी चोरी होईपर्यंत मी कोणी न सांगताच पाळत होतो. हमीदार म्हणून बालिस्टरांनी सही केली. आयुष्यात पहिल्यांदा ते जिंकलेल्या बाजूला उभे होते. घरी जाईपर्यंत त्यांनी कोटाचं एकही बटण सोडलं नाही.

मी सायकल हातात धरून बाहेर आलो. हवालदारबाईंची ड्यूटी संपली होती.

"काका, घरापर्यंत ढकलत नेणार? मी त्याच बाजूला जातेय. बसा मागं."

"पण स्वरूप बदलू नये म्हणालेत."

"चालवू नये नाही म्हणाले. बसा."

मी उशी नीट बांधली आणि बसलो. बूड उशीला बरोबर ओळखीचं लागलं. हातानं सीटखालची स्प्रिंग आपोआप धरली. वर्दीतल्या बाई पुढं आणि मी मागं, त्यामुळं रस्त्यावरचे लोक वळून वळून पाहत होते. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "म्हाताऱ्यानं काय केलं असेल हो?" एरवी मी उतरून त्याला खुलासा दिला असता. आज नुसता हात हलवला.

वाटेत मी बाईंना रोजच्या त्या कोपऱ्याचं आणि कोपरखळीचं सांगितलं, तशी त्यांनी सायकल ऑफिसकडं वळवली. टपालपेटी आली. बाईंनी वेग कमी केला. "हाच ना तुमचा कोपरा? कोपरखळीबद्दल सांगत होतात तो? उतरायचं का?"

"नको," मी म्हणालो. "गेटपर्यंत."

गेटवर तो होताच. सुट्टी संपवून आत निघाला होता. मला पाहून थांबला. मी उतरलो, कपडे झटकले नाहीत, आणि छाती पुढं काढून उभा राहिलो. म्हटलं, काय बोलायचंय ते बोलून घे बाबा.

"आज गेटपर्यंत आलात," तो म्हणाला.

"आलो."

"आम्हाला माहीत होतं हो. डिस्पॅचच्या खिडकीतून तो कोपरा सरळ दिसतो. तुम्ही उतरायचात, कपडे झटकायचात आणि साहेबासारखे चालत यायचात. फार हसायचो आम्ही."

"हसला असाल. हसण्यासारखंच होतं."

"तुम्हाला हसायचो. वहिनींना नाही." त्यानं चष्मा काढला, पुसला. "त्या तिथंच उभ्या असायच्या, टपालपेटीपाशी, एक पाय टेकवून. तुम्ही जिना चढून खिडकीला पाठ असलेल्या तुमच्या खुर्चीवर येऊन बसलेले दिसलात की मगच निघायच्या. पाऊस असला तरी. साहेबांनी तुम्हाला खालीच अडवलं तर तेवढा वेळ उभ्या. तुम्ही कधी मागं वळून पाहिलं नाहीत, म्हणून तुम्हाला माहीत नसेल."

मला माहीत नव्हतं. मला फक्त लेटमार्क माहीत होते.

तो आत गेला. मी गेटशी उभा राहिलो आणि पहिल्यांदाच मागं वळून कोपऱ्याकडं पाहिलं. टपालपेटी होती. तिच्याशेजारी पाहता कोणी मिळून आलं नाही. तरी मी पाहत राहिलो. इतक्या वर्षांचं बघायचं राहिलं होतं.

हवालदारबाईंनी हळूच घंटी वाजवली. अंगठा दाबून धरावा लागतो, ते त्यांना आता जमत होतं. "निघायचं ना काका? उशीर होतोय."

"होऊ दे जरा," मी म्हणालो. "सायकलीला सवय आहे."